पेटीतला उंदीर, कौलातला उंदीर आणि पुदिन्याचं तेल

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.

विषय आला एका व्हॉइस मेसेजमधून. पुण्यात लष्कर भागात राहणारी आपली एक श्रोती आहे. घरात पणजोबांच्या काळातला पियानो. वाजवणारं आता कोणी नाही, पण विकवतही नाही. पावसाळ्यात झाकण उघडलं तर आत उंदराने संसार थाटलेला. लोकरीचं फेल्ट कुरतडून मऊ गादी केलेली. तिचा प्रश्न साधा होता : विष घालायचं नाही, घरात लहान मूल आहे, तर पुदिन्याचं तेल, कापूर, वेखंड, कडुलिंब यातलं काय ठेवू? आणि आपले जुने लोक काय ठेवायचे?

पहिल्या प्रश्नाला मी योग्य माणूस नाही, मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री इतिहास वाचतो. पण दुसरा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण पुण्यात उंदराचा इतिहास शोधायला लागलात की तुम्ही पेटी-पियानोपाशी थांबूच शकत नाही. तुम्ही थेट १८९७ मध्ये जाऊन पडता.

आधी पेटी. म्हणजे हार्मोनियम.

आमच्याकडे आजीची पेटी होती. माळ्यावर. तिच्या भात्याच्या एका घडीला उंदराने भोक पाडलेलं, त्यामुळे सूर धरला की मागून फुस्स असा एक जादा सूर यायचा. आजी म्हणायची, हा साथीदार फुकटचा आहे. पेटी उंदराला का आवडते हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पण विचार केला तर सगळं त्याच्याच सोयीचं आहे. अंधार, कोरडेपणा, महिनोन् महिने कोणी हात न लावलेलं लाकूड, आत कापड, चामडं आणि फेल्ट. पियानोत तर फेल्टची चंगळ. तारांवर आपटणाऱ्या प्रत्येक हातोडीच्या डोक्यावर फेल्ट, पट्ट्यांच्या खाली फेल्ट. उंदीर ते खात नाही, त्याचं घरटं करतो. नुकसान तिथे संपत नाही. त्याच्या मुताने तारा आणि पितळी सूर गंजतात, आणि ती दुरुस्ती फेल्टपेक्षा महाग पडते.

ही वाद्यं आपल्याकडे आली युरोपातून. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ याने १८४२ मध्ये घेतलं. पायाने भाता हलवायची मोठी पेटी म्हणजे ऑर्गन, ती आपल्या संगीत नाटकांनी आपलीशी केली. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर आणि अहमदजान थिरकवा तबल्यावर, ही साथ ऐकायला लोक तिकीट काढायचे. आता कल्पना करा, असा ऑर्गन कंपनीच्या सामानात, पडद्यांच्या आणि शालूंच्या गाठोड्यांशेजारी, गावोगावच्या गोदामांत पडायचा. उंदरांना आणखी काय हवं?

आणि इथे मला एक गंमतशीर गोष्ट सापडली. अमेरिकेतल्या ऑर्गन कंपन्यांना हाच त्रास होता. चर्चमधला ऑर्गन आठवड्यातून एकदा वाजायचा, उरलेले सहा दिवस उंदरांचे. ते आत शिरायचे पायपट्ट्यांच्या फटीतून. तर १८८० च्या दशकापासून तिथे ‘माऊसप्रूफ’ पायपट्ट्यांचे ऑर्गन विकायला लागले. पेडलवर चक्क तसं लिहिलेलं असायचं. आत काय होतं? कोणताही वास नाही, औषध नाही. पेडल हललं तरी फट उघडी पडू नये अशी बसवलेली धातूची पट्टी. संपलं.

आता आपले जुने लोक काय करायचे? मला वाटलं होतं की वेखंड, कापूर, कडुलिंब अशी मोठी यादी मिळेल. यादी मिळाली, पण तिच्यात उंदीर नव्हता. नीट बघा. वेखंडाचे तुकडे कशात ठेवायचे? पोथ्यांत आणि कपड्यांत. कशासाठी? कसर लागू नये म्हणून. कडुलिंबाचा वाळवलेला पाला धान्यात का? किडे होऊ नयेत म्हणून. कापूर, नंतर आलेल्या डांबरगोळ्या, सगळं कीटकांसाठी.

उंदरासाठी घरात दुसरीच व्यवस्था होती. दूध, लोणी, दही शिंक्यात. म्हणजे आढ्याला दोरी बांधून अधांतरी. धान्य पेवात नाहीतर शेणामातीने लिंपलेल्या कणगीत, आणि ऐपत असेल तर पितळी डब्यात. लाकडी पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा. आणि मांजर. ‘शिंक्याचं तुटलं आणि मांजराचं फावलं’ ही म्हण आपण नशिबाबद्दल वापरतो, पण त्यात स्वयंपाकघराचा सगळा आराखडा आहे : खाणं वर, मांजर खाली, आणि उंदीर दोघांच्या मध्ये अडकलेला.

म्हणजे आपल्या परंपरेने काम वाटून दिलं होतं. किड्याला वास, उंदराला अडथळा. ‘आजीबाईचा नैसर्गिक उपाय’ म्हणून जे पुदिना-लवंग तेलाचे रील तुम्हाला दिसतात, त्यात आजीबाई कुठेच नाही. तिने उंदरासमोर वास ठेवला नसता, तिने डबा बंद केला असता.

यामागचं कारण सोपं आहे. उंदराचं नाक फार तल्लख असतं, त्यामुळे नवा उग्र वास आला की तो बिचकतो, हे खरं. पण तेल उडून जातं, चार दिवसांत वास मंद होतो, आणि जिथे खाणं किंवा ऊब आहे तिथल्या वासाची त्याला सवय होते. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग दुरुस्त केलेला नाही, फक्त नोटिफिकेशन बंद केलंय. आणि समजा वास लागू पडला, तरी उंदीर जातो कुठे? शेजारी.

हा ‘शेजारी’ शब्द लक्षात ठेवा. आता आपण १८९७ मध्ये जातोय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याची गोदामं. रोगी दिसायच्या आधी तिथे उंदीर मरून पडत होते. वर्षअखेरीस रोग पुण्यात रुजला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, तोच कायदा जो आपण २०२० मध्ये पुन्हा ऐकला. त्याच महिन्यात वॉल्टर रँड पुण्यात आला आणि मार्चमध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. गोरे आणि देशी मिळून सुमारे नऊशे सैनिक कामाला लावले.

त्यांनी काय केलं हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे : घरात शिरणं, बायकांची तपासणी, देवघरात बूट. पण आज मला त्या कामाची तांत्रिक बाजू बघायची आहे. समज असा होता की प्लेग घाणीत असतो. जमिनीत, भिंतींत, कपड्यांत, कोंदट हवेत. म्हणून रोगी सापडला की त्याला दवाखान्यात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत न्यायचं. मग घरातलं सामान बाहेर. अंथरुणं-पांघरुणं जाळायची, जमीन उकरायची, जंतुनाशक ओतायचं, भिंतींना चुना मारायचा.

उंदीर मरतात हे डॉक्टरांना दिसत नव्हतं असं नाही. पण बहुतेकांचं मत असं की उंदीरही माणसासारखाच त्या घाणीतून आजारी पडतो. तो साखळीतला दुवा आहे हे १८९७ च्या पुण्यात कोणत्याही अधिकाऱ्याच्या वहीत नव्हतं.

आता पुण्यातला वाडा डोळ्यांसमोर आणा. शनिवार पेठ, कसबा, कुठलाही. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर नळीची कौलं. त्या कौलांत आणि माळ्यावर राहायचा काळा उंदीर. हा गटारातल्या घुशीसारखा जमिनीवरचा नाही, हा चढणारा. तुळईवरून, दोरीवरून, एका वाड्याच्या आढ्यावरून दुसऱ्या वाड्याच्या पडवीवर. (कंसात सांगतो, रात्री चुकचुक करत भिंतीकडेने पळणारी, वास मारणारी चिचुंद्री उंदीर नाहीच. ती किडे खाते. तिला उगीच मारू नका.)

सैनिक खाली जमीन उकरतायत, उग्र औषधं ओततायत, सामान आपटतायत. अशा घरातला उंदीर बसून राहील का? कौलांवरून निघून जाईल. प्लेगची लागण झालेला असेल तरी जाईल, आणि अंगावरच्या पिसवा सोबत नेईल. एका घराचं शुद्धीकरण म्हणजे शेजारच्या घराला आमंत्रण. हा माझा तर्क आहे, पण पुढे जे सिद्ध झालं ते पाहिलं की तो फार लांबचा वाटत नाही.

लोकांकडे मात्र एक वेगळं ज्ञान होतं. ‘उंदीर पडला’ की घर सोडायचं. हा शब्दप्रयोग प्लेगच्या आठवणींमध्ये सारखा भेटतो. मेला असं कोणी म्हणत नाही, पडला म्हणतात. कारण तो खरंच आढ्यावरून खाली पडायचा, जेवणाच्या पंक्तीत, पाळण्याशेजारी. मग माणसं भांडीकुंडी घेऊन शेतात, माळावर झोपड्या बांधायची. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात तर ही रीत प्लेग मुंबईत यायच्या कितीतरी आधीपासून होती. उंदीर मरायला लागले की गाव रिकामं. कारण माहीत नव्हतं, पण क्रम बरोबर होता.

सरकारला हे पळून जाणं वाटायचं. पळालेला माणूस रोग पसरवतो, म्हणून अडवायचा. दोन्ही बाजूंना थोडं थोडं कळत होतं आणि बोलणं मात्र बंद होतं. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या, रोग्यांची सेवा करताना. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. चापेकर बंधू फासावर गेले. दामोदर हरींना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी दिली.

त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने, २ जून १८९८ ला, कराचीत एक फ्रेंच डॉक्टर काचेच्या बरणीसमोर बसला होता. पॉल-लुई सिमाँ. बरणीत प्लेग झालेला उंदीर, अंगावर पिसवांसकट. त्याने वर एका जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, पण पिसू उडी मारू शकेल एवढं अंतर. आजारी उंदीर मेला. काही दिवसांनी वरचाही मेला, प्लेगनेच. उंदराचं प्रेत थंड झालं की पिसू ते सोडते आणि दुसरं गरम अंग शोधते. उंदीर मिळाला तर उंदीर, नाही तर माणूस. शेतात झोपड्या बांधणाऱ्या लोकांनी नेमकी हीच भेट चुकवली होती.

सिमाँने हे छापलं आणि लोक हसले. सरकारने नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने ही कल्पना जवळपास बाजूलाच सारली. मला हे वाचून राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही. ज्या उपायावर एवढा पैसा, एवढं सैन्य आणि एका अधिकाऱ्याचा जीव गेला, तो चुकीच्या गोष्टीवर होता हे एका पिंजऱ्यावरून कोण मान्य करेल?

मान्य व्हायला परळ लागलं. १९०५ पासून तिथल्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, नव्या आयोगाने काम सुरू केलं. ग्लेन लिस्टन त्यातला महत्त्वाचा माणूस. त्यांचे दोन प्रयोग मला फार आवडतात.

पहिला : त्यांनी सहा छोट्या खोल्या बांधल्या. अगदी आपल्या घरांसारख्या, फरक फक्त छपराचा. दोन खोल्यांना साधी देशी कौलं, ज्यात उंदीर सुखाने राहतात. दोन खोल्यांना चपटी कौलं, ज्यात उंदराची जरा अडचण होते. आणि दोन खोल्यांना पन्हाळी पत्रा, जिथे उंदराला जागाच नाही. कौलांच्या खाली तारेची जाळी ताणली. उंदीर खाली येऊ शकत नव्हता, पण त्याच्या पिसवा आणि लेंड्या खाली पडू शकत होत्या. आणि खाली सोडले गिनीपिग. जिथे छपरात उंदीर आणि पिसवा, तिथल्या गिनीपिगांत प्लेग पसरला. जिथे पिसवा पोचल्याच नाहीत, तिथे आजारी आणि निरोगी गिनीपिग शेजारीशेजारी राहिले, एकत्र खाल्लं, तरी रोग एकाचा दुसऱ्याला झाला नाही. घाण तीच, हवा तीच.

दुसरा प्रयोग याच खोल्यांतला. गिनीपिगचा पिंजरा जमिनीपासून दोन इंच वर ठेवला तर प्लेग झाला. दोन फूट वर टांगला तर झाला नाही. पिसवेची उडी साधारण चार इंच. खेळ खलास.

दोन फूट वर टांगलेला पिंजरा. हे वाचलं तेव्हा मी रात्री दीड वाजता लॅपटॉपसमोर एकटाच हसलो. हे तर शिंकं आहे! अर्थात शिंकं बांधणाऱ्या बाईला पिसू-प्लेग माहीत नव्हता, तिला लोणी वाचवायचं होतं. उगाच ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ छाप फॉरवर्ड यातून बनवू नका, प्लीज. पण अंतर ठेवणं, फट बुजवणं, चढायला जागा न देणं ही बुद्धी एकाच जातीची आहे.

या देशात १८९६ नंतरच्या तीन-साडेतीन दशकांत प्लेगने सुमारे सव्वा कोटी माणसं गेली. पुण्यातही तो पुढे वर्षानुवर्षं येत-जात राहिला.

आता त्या पियानोकडे. श्रोतीला मी जे कळवलं ते इथेही देतो, कारण तसे मेसेज आणखी चार आले. आत तेल शिंपडू नका, फेल्ट आणि चामडं डागाळतं, फुगतं. ओला कडुलिंब आत ठेवू नका, त्याच्या ओलीने तारा गंजतील. डांबरगोळ्या लहान मूल असलेल्या घरात नकोतच. वेखंडाची पुरचुंडी ठेवायची तर ठेवा, कसरीसाठी, ती जुनी आणि चांगली सवय आहे. उंदरासाठी टॉर्च घ्या आणि वाकून बघा. पेन्सिल जाईल एवढी फट असेल तर छोटा उंदीर जातो. पायपट्ट्यांची जागा, मागच्या फळीचा सांधा, खालची फळी. तिथे बारीक स्टीलची जाळी, आणि ती बसवायला वाद्य दुरुस्त करणाऱ्यालाच बोलवा. खोलीत पाइप भिंतीतून येतात तिथली भोकं स्टीलचा काथ्या कोंबून वरून सिमेंटने बुजवा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे लाकूड, प्लास्टिक, थर्माकोल तो आनंदाने कुरतडतो, स्टीलपाशी थांबतो. शेजारी खिडकीत पक्ष्यांना दाणे टाकत असतील तर त्यांच्याशी बोला. आणि सगळ्यात सोपं : पियानो वाजवा. रोज दहा मिनिटं. ज्या घरात सारखी आदळआपट चालते तिथे बाळंतपण करायला कोणती उंदरीण येईल?

एक शेवटची नोंद, कारण हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं आहे असं वाटून तुम्ही निवांत व्हाल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या धास्तीने बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही लोकांनी जुनी घरं सोडली, धान्य मात्र आतच राहिलं, आणि रिकाम्या घरांत उंदीर माजले असं तेव्हा मांडलं गेलं. ऑगस्ट १९९४ मध्ये गावकऱ्यांनी तक्रार केली की पिसवा फार झाल्यात आणि उंदीर पडतायत. सप्टेंबरमध्ये गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी तिथे नोंदले गेले, त्याच महिन्यात सुरत हादरलं. आता अशा ठिकाणी आरोग्य खात्याचा नियम ठरलेला आहे : आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर. उलट केलं तर मेलेल्या उंदरांवरच्या सगळ्या पिसवा एकाच वेळी नवीन अंग शोधायला निघतात.